फाटकासमोरचा सांधा

— तुम्ही नको म्हणालात तर हत्यारं गोळा करून निघतो, बाई. भांडायला नाही आलेलो.

— नको कुठे म्हणाले मी? तुम्हीच का आलात, एवढंच विचारलं. पाणीखात्यात दुसरा फिटर नव्हता?

— आहेत की. साहेबांनी दुसऱ्यालाच पाठवलं होतं. मी म्हटलं, हे काम माझं अर्धवट राहिलंय. फाटकाच्या आतल्या याच चरात वाकून सांधा बसवत होतो आणि तुमच्या यजमानांनी गोळी घातली. सहा वर्षं झाली, तो सांधा तसाच उघडा पडलाय. दुसऱ्याने येऊन जोडला असता तर मला घास गोड लागला नसता.

— गुडघा कसा आहे?

— आहे जागेवर. वाकत तेवढा नाही. सासूबाई पहिल्यापासून म्हणायच्या, जावई फार ताठ आहे. म्हटलं, घ्या, आता तुमचं खरं झालं.

— हसताय तुम्ही.

— सकाळपासून हसतोच आहे. त्यांचं अपील फेटाळलं, शिक्षा कायम झाली. बायकोने दोनदा फोन करून विचारलं, नक्की ना? आणि खरं सांगू, तुमची साक्ष नसती तर हे झालं नसतं. कोर्टात ते छातीठोक सांगत होते की मी पाना उगारून अंगावर धावलो.

— गोळी गुडघ्याच्या मागून शिरली होती. पाठ करून अंगावर कोण धावतं? मी खिडकीत उभी होते. जे पाहिलं ते सांगितलं.

— नवऱ्याविरुद्ध सांगायचं म्हणजे...

— सोपं नव्हतं. पण तुम्ही चरात पडला होतात आणि तो माझ्या शेजारी उभा राहून पोलिसांना फोन करत होता. "लोक जमताहेत, मला संरक्षण द्या." स्वतःचा देश सोडून इथे आला तो, सरकार म्हणजे चोर, पोलीस म्हणजे चोरांचे नोकर असं म्हणत. वीस वर्षं हेच लिहिलं, हेच भाषणांतून सांगितलं. आणि पहिला फोन कोणाला, तर पोलिसांना. त्या क्षणी माझ्या मनातून उतरला तो.

— आम्ही त्यांना बिनराज्याचा राजा म्हणायचो. तोंडावर नाही हं.

— माहीत होतं त्याला. आवडायचं. त्याचं ऐकून आणखी चार परदेशी इथे घरं बांधून राहिले होते. गोळीबारानंतर महिनाभरात सगळे पसार झाले.

— तुम्ही कशा सापडलात त्यांच्या तावडीत? रागावू नका, सहज विचारलं.

— त्याचं पहिलं पुस्तक मी टाइप केलं. कोणी कोणावर हुकूम चालवायचा नाही, असं पानोपानी होतं. तरुण होते, भारावून गेले. लग्नानंतर कळलं की ते पुस्तक घराबाहेरच्या जगासाठी आहे. घरात मी बहिणीला कधी फोन करायचा, तेही तोच ठरवायचा.

— आमच्याकडे तो हक्क सासूबाईंचा. बरं बाई, मुद्द्याचं बोलतो. खटला संपेपर्यंतची कोर्टाची मनाई आज उठली, पण पाइप तुमच्या अंगणाच्या कडेने गेल्याशिवाय वरच्या वस्तीत पाणी चढत नाही. जागा खाजगी. मालकाने हो म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही, असं खात्याने बजावलंय. वर माझी बायको नळाशी उभी आहे. लग्न झाल्यापासून रोज हंडे घेऊन हा चढ चढते-उतरते ती. वस्तीतल्या सगळ्याच बायका करतात. तुम्ही नाही म्हणालात तर पुन्हा कोर्ट, पुन्हा तारखा. मला तेवढा दम उरलेला नाही.

(बाईंचा फोन वाजतो.)

— थांबा. तुरुंगातून आहे... हो, बोल. ऐकला निकाल... हो, आलेत. तेच आलेत... नाही, माणसं घेऊन नाही, एकटेच आहेत... ओरडू नकोस, ऐकू येतंय मला... काय म्हणालास? मालकाच्या मर्जीशिवाय कोणी कोणाच्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही. अगदी बरोबर. तुझ्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण, मीच टाइप केलंय, अजून पाठ आहे. पण मालक कोण? परदेशी माणसाला इथे जमीन घेता येत नव्हती, म्हणून तू ती माझ्या नावावर घेतलीस. सगळी. अंगणासकट... हो, मग? मालकाची मर्जी आहे... नाही, मला कोणी भरीला घातलेलं नाही. तुझंच पुस्तक वाचून ठरवलंय. ठेवते आता, फाटक उघडायचंय.

— बाई...

— या आत. काय झालं? डोळे का पुसताय?

— धूळ आहे इथे. चला, कामाला लागू. एक अडचण आहे. गुडघा वाकत नाही, त्यामुळे उकिडवं बसता येत नाही. चरात चिखल आहे. बसायला एखादी फळी मिळेल?

— फाटकावरची ती पाटी काढा.

— "इथे कोणाचंही राज्य नाही"? ही?

— चांगलं जाड लाकूड आहे. त्याने स्वतः निवडलं होतं.

— मापाची आहे हो. बसायला तर फारच सुरेख. द्या तो पाना. ती रबरी रिंग... हां. आता पाइपाला त्या बाजूने आधार द्या. हात खराब होतील.

— होऊ देत.

— बसला. बघा, इतक्यात झालं. एवढ्या कामासाठी सहा वर्षं. आता त्या व्हॉल्व्हचं चाक तुम्ही फिरवा.

— मी? काम तुमचं आहे.

— जोडायचं माझं होतं, ते झालं. उघडायचं मालकाने. डावीकडे, हळूहळू. झटका दिलात तर सांधा निखळेल.

— जड आहे... फिरलं. आवाज कसला येतोय?

— हवा निघतेय. पाणी मागून येतंय. फिरवा अजून. थांबा, बायकोचा फोन आला, स्पीकरवर लावतो. बोल गं.

— अहो, नळ नुसता फुसफुसतोय.

— फुसफुसू दे. हात बाजूला घे, जोरात येईल.

— आई हलत नाहीये नळाखालून. आई, सरक की जरा... आलं! अहो, आलं. लाल आहे पण.

— गंज आहे, घाबरू नकोस. वाहू दे थोडं.

— आता स्वच्छ येतंय. आई नखशिखांत भिजलीय आणि म्हणते, जावयाने भिजवलं, बदलायला लुगडंही त्यानेच आणावं. ऐकताय ना? सगळी वस्ती जमलीय इथे. वर या की.

— हा पाय घेऊन तिथवर यायला रात्र होईल.

— मग आम्ही सगळे खाली येतो.

— नको. खाली यायचं संपलं तुमचं.