धनभाराचं सरबत

आधी खटकलं ते एवढंच, की टेबलावरचा एक बीकर रिकामा होता. काचपट्टी एकदा सरांनी बनवून दिलेल्या धनभाराच्या पॉलिमरमध्ये बुडवायची, एकदा ऋणभाराच्या. विरुद्ध भार एकमेकांना चिकटतात आणि थरावर थर चढत जातो. त्यातला धनभाराचा बीकर कोरडा! शेजारी माझे माळकरी मामा मिशा पुसत बसलेले. घरात अंडंसुद्धा येऊ न देणारे मामा नारायणगडाचं दर्शन करून, उन्हातून थेट लॅबमध्ये मला डबा द्यायला आले होते.

"सरबत लई आंबट हाय, पोरी. साखर कावून न्हाई टाकली?"

मी रिकामा बीकर त्यांच्यासमोर धरला. "मामा, तो माझा प्रयोग होता!"

"मग झाला की यशस्वी. तहान गेली."

मी सरांना फोन लावत सुटले. ते उचलेनात. मामा ढेकर द्यायचे, मी दचकायचे. मामीला काय तोंड दाखवू? शेवटी एकदाचा सरांनी उचलला. मी रडत रडत सगळं सांगितलं.

"अगं, घाबरू नकोस. विष नाही ते," सर म्हणाले. "कोळंबीच्या टरफलांपासून काढतात, एवढंच."

मी मामांकडे बघितलं. गळ्यातली तुळशीची माळ सारखी करत ते विचारत होते, "काय म्हणले सर? अजून हाय का?"