रुखसारचं झाकण

अरे, आमच्या ईशाला पालिकेच्या शाळेत का घातलं म्हणून सगळे विचारतात ना, ते एका झाकणामुळे.

सहावीसाठी आधी घोडबंदर रोडच्या एका मोठ्या शाळेत गेलेलो. तिथे इंटरव्ह्यूत पोरीची बोबडीच वळली. मग शाळेचं नाव काढलं की ही आतल्या खोलीत पळायची. शेवटी पालिकेची शाळा नुसती बघायला नेलं. तिथल्या मोठ्या बाईंनी एकच प्रश्न विचारला, "जेवलीस का गं?"

मधल्या सुट्टीत खिचडी वाढत होते. मुलं ताटली घरून आणतात, आम्हाला कुठे माहीत! रांगेतल्या रुखसारने आपल्या डब्याचं झाकण हिच्या हातात दिलं. एका बाजूला आगऱ्यांची पोर, दुसऱ्या बाजूला बिहारची, मध्ये आमची मालवणी. गप्पा सुरू! मी फॉर्म मागितला, तर बाई म्हणाल्या, "तिचं अ‍ॅडमिशन झालं. तुम्ही भरा सावकाश."

झाकण चुकून घरी आलं. सकाळी ही दप्तर घेऊन दारात. "बाबा, चला, झाकण द्यायचंय!"

संध्याकाळी झाकण परत घरी. म्हणे, "रुखसार बोलली, ठेव तुझ्याकडेच, उद्या पण लागेल ना."

आता सातवी संपत आली. घरातली भांडी कोणीही घासो, ते झाकण मीच घासतो.