चहाची हाक

मोठ्या नातीचं लग्न झालं त्या वर्षीची, मार्चमधली गोष्ट. कसबा पेठेतून कात्रजला जायला मी बसथांब्यावर उभा होतो. रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक मुलगी त्यांच्याकडे धावत आली.

“हेमाकाकू! तांबटकामावरची आपली फिल्म तयार झाली. काकांना घेऊन बघायला या हं.”

“प्रियदर्शनी, त्यात यांचा आवाज आहे का गं?”

“हातोडीचा आहे ना! एकेक ठोका ऐकू येतो.”

“हातोडी माझ्या घरात आहे. मी यांचा आवाज म्हणते. तू नऊ दिवस येत होतीस, यांचं तोंड एकदाही बंद नव्हतं.”

“म्हणूनच काढावा लागला. ठोक्यांच्या मधेमधे बोलणं यायचं.”

“चहासाठी ‘हेमे, आण गं’ म्हणून ओरडायचे. तेवढं तरी?”

“सगळं पुसलं, काकू. फिल्ममध्ये कुणीच बोलत नाही.”

“पुसलं?”

“एवढं काय त्यात? उद्या परत येते. काकांना हवं तेवढं बोलू दे.”

“अगं, हे गेले. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, चहाच्या आधी.”