तक्त्याचं दुसरं पान

नाही, नाही, त्यांना उठवू नका. सही त्यांचीच हवी, कळलं मला, तीनदा सांगितलंत — पण चार दिवसांनी आत्ता कुठे डोळा लागलाय, तोही भिंतीकडे तोंड करून. बसा. ती खुर्ची नको, कुरकुरते, इकडे बसा. काय लिहून आणलंय कंपनीनं, वाचा तरी. मला वाचता येत नाही, पण ऐकता येतं.

हं. म्हणजे चूक खालून खुणा करणाऱ्याची. आमच्या शिट्टीची. — शिट्टीच म्हणतात त्याला सगळे, बारा वर्षं यांच्या क्रेनखाली उभं राहून शिट्टी वाजवतोय. त्यानं चुकीची खूण केली म्हणून क्रेन कलंडली, आणि यांनी त्याखाली सही करायची. तो बिचारा तिकडे मोडका खुबा घेऊन इस्पितळात. बरं आहे की! पडलेल्यालाच आणखी दोन लाथा — नोकरीही गेली म्हणजे त्याची.

साहेब, तुम्हाला क्रेनचा तक्ता कळतो का? मान हलवू नका उगाच, भल्याभल्या साहेबांना कळत नाही. चाळीस टनांची क्रेन म्हणजे ती चाळीस टन उचलते, असं थोडंच असतं! वजन अगदी अंगाशी असलं तर चाळीस. भरलेली बादली छातीशी धरा, मग तीच हात लांब करून धरा — खांदा बोलायला लागतो की नाही? तसंच. आठ मीटरवर पंधरा टन, दहावर साडेदहा, बारावर आठ, चौदावर सहा. त्यातून हुकाचं वजन वजा, साखळ्यांचं वजा, उरेल ते आपलं. आणि अंतर मोजायचं ते क्रेन जिथून फिरते त्या मध्यापासून, चाकापासून नाही. कुठून शिकले म्हणता? ऐकून. परवान्याच्या परीक्षेला हे मोठमोठ्यानं घोकायचे, मी वाटाणे सोलत बसलेली. यांच्या आधी मलाच पाठ. "तूच जा बाई परीक्षेला," म्हणायचे. पुढे उपयोगही झाला त्याचा — डोळ्यांना धूसर दिसायला लागलं ना यांच्या, केबिनमधला तक्ता म्हणजे नुसत्या मुंग्या, मग फोन करायचे, "चौदाला किती गं?" आणि मी इथून —

बोलून गेले. आता काय, गेलंच. चष्म्यापलीकडचं आहे म्हणाले डॉक्टर. तीन वर्षं कोणाला सांगितलं नाही, पोटच्या पोरीलासुद्धा. परवाना गेला असता, आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. वजन जास्त झालं की ओरडणारी एक पेटी असते केबिनमध्ये — ती कधीची मुकी, तुमचीच माणसं म्हणत होती पुढच्या महिन्यात बघू. तेही लिहा.

त्या दिवशी फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. म्हणाले, टाकी पाच टनांची, अंतर चौदा मीटर, पण भिंत आडवी आलीय, एका बाजूचे पाय निम्मेच बाहेर निघालेत — किती? आता बघा, क्रेन कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना लोखंडी पाय पसरतात; ते पुरते पसरले तर तक्ता वेगळा, निम्मे पसरले तर वेगळा. दुसरं पान असतं ते. यांनी कधी घोकलंच नव्हतं, पाय पुरते पसरल्याखेरीज वजनाला हात न लावणारा माणूस. मग मला कुठून येणार? तीन शब्द होते, साहेब — मला माहीत नाही. तोंडातून निघेनात. उभ्या जन्मात एकच गोष्ट मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होती हो. म्हटलं, सहा. "नक्की? निम्म्यालाही सहाच?" म्हटलं, "सांगितलं ना सहा, ठेवा आता, कपडे ओले आहेत माझे."

तीन टनसुद्धा नव्हतं त्या पानावर. मागाहून यांच्या परीक्षेच्या पुस्तकातून पोरीकडून वाचून घेतलं. टाकी उचलली तेव्हा क्रेन ठीक होती, त्या निम्म्या बाजूला वळवली आणि... शिट्टीनं थांबायची खूण केली होती. दोनदा. यांनीच सांगितलं मला. पण थांबले नाहीत — का, तर ही म्हणाली सहा. तेवढं बोलले, नंतर चार दिवस एक शब्द नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

लिहायचं का थांबलात? कंपनीला चालायचं नाही? नाही तर नाही. यांचा परवाना जाईल, निवृत्तीचं काय व्हायचं ते होईल, म्हातारी माणसं आम्ही, खाऊन खाऊन किती खाणार. शिट्टीची दोन पोरं अजून शाळेत आहेत. तुमचा तो कागद न्या परत, त्यावर सही मिळायची नाही. मी आत्ता बोलले ते लिहा, त्याखाली अंगठा देते. कुठे, इथे? घ्या.

थांबा — खाट वाजली. कधीपासून जागे आहेत कोण जाणे.

तुम्ही निघा आता, साहेब. जाताना दार ओढून घ्या.