भोपळा देणारी मुलगी

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय महिपतीराव, व्यासपीठावरचे मान्यवर, विठ्ठलवाडीच्या आपल्या वाचनालयाचे सभासद, सत्कारमूर्ती संजीवनीताई, त्यांचे चिरंजीव सुयोग, आणि मागे बसलेल्या आमच्या गुरुवारच्या बायकांनो, सर्वांना हात जोडून नमस्कार करते.

देवाच्या कृपेने उभी आहे. खुर्च्या, हार, माइक यांच्यामागे फिरून पायांत त्राण उरलेलं नाही. निरोपाची भाषणं मी पुष्कळ ऐकली. त्यांत जाणाऱ्याचं कौतुक होतं. त्याला जायचं आहे का, हे कोण विचारतो?

युक्रेनची लढाई टीव्हीवर दिसू लागली, तेव्हा ताईंनी तिथल्या कोसॅक लढवय्यांच्या जुन्या काळावरच्या कादंबऱ्या आणल्या. पुस्तक इंग्रजी, ताईंच्या तोंडून मराठी. दर गुरुवारी आम्ही बायका वाचनालयात मटार सोलत ऐकायचो. त्यांतल्या बायका कशा? आई फाटकाशी उभी. बायकोला पळवून नेतात, म्हणजे नवऱ्याला सूड घ्यायला कारण मिळतं. झाडपाल्याचं औषध देणारी दिसली की ती चेटकीण. परकी देखणी मुलगी आली की समजावं, आता एखादा गडी फितूर होणार. आणि गड्यांच्या मोठ्या तळावर तर बाईला पाऊल ठेवायची बंदी.

आमच्या बनूबाई बारवी धरणाकडच्या, घरची भातशेती. त्या एकदा वैतागल्या. "ह्ये समदे घोड्यावर गेलं, मंग शेत कोन पेरतंय? त्ये लिवलंय का कुटं?"

ताईंनी पानं चाळली. एक ओळ सापडली, बायकांनी पीक काढलं. बनूबाई म्हणाल्या, "बास? येवढंच?"

मग एके दिवशी भोपळ्याची गोष्ट आली. एक कोसॅक लग्नाची मागणी घालायला जातो, मुलगी आतून भोपळा आणून त्याच्या हातात देते. आम्हाला वाटलं, जमलं. घरचा भोपळा दिला, मुलगी मनाने मोठी. कोणी साखर वाटायचंही म्हणालं. पुढच्या पानावर तो मान खाली घालून घरी चाललेला. आम्ही बुचकळ्यात. शेवटी ताईंना मागच्या टिपांत सापडलं की तिकडे मुलीने भोपळा दिला म्हणजे तिचा नकार.

बनूबाई म्हणाल्या, "म्हंजे तोंड न उघडता नाय म्हनली. आपल्यात अशी भाजीच नाय." हसून हसून आमचे मटार सांडले. ताई मात्र हसल्या नाहीत. पुस्तक मिटून बसल्या.

सुयोग हैदराबादला फ्लॅट घेऊन आईला न्यायला आला आहे. मुलगा गुणी आहे, हे मी मनापासून सांगते. आईने एकटं राहू नये असं त्याला वाटतं, यात काय चूक? पण मागच्या गुरुवारी मटार संपल्यावर मी ताईंना विचारलं, तुमच्या मनात आहे ना जायचं? त्यांनी सालं गोळा केली. मग म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही गं. म्हणून मीही विचार केला नाही."

मी घरी गेले, देवापुढे दिवा लावला, पण हात जोडले तरी मन तिथे लागेना. फाटकाशी उभ्या बायकांवर आम्ही इतकं बोललो, आणि आमच्याच ताईंसाठी हार सांगून मोकळ्या झालो.

सुयोग, तुझ्या आईच्या वयाची आहे म्हणून बोलते. गाडी परवा आहे. आज घरी गेल्यावर तिच्यासमोर बस आणि एकदा विचार. ती हो म्हणाली तर आम्ही सगळ्या स्टेशनवर पोचवायला येऊ. नाही म्हणाली तर तेही ऐकून घे, तिला समजावू नकोस.

ताई, खाली बघू नका. तुम्ही नाही म्हणालात तर वाचनालयाचं मंडळ सत्काराची शाल परत मागणार नाही. हिशेब मी ठेवते, शालीचा खर्च लिहून झाला आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, मी ऋणी आहे. निरोपाच्या सभेत निरोप द्यायचाच राहून गेला असेल, तर एवढी चूक मोठ्या मनाने पदरात घ्या.