पुसलेलं पाणी जातं कुठं?

शिवणकाम करणाऱ्या काकू कापडाच्या दुकानात रांगेत उभ्या होत्या. पुढे बालवाडीच्या बाई आणि तिथल्या मदतनीस मावशी. काकूंनी कान टवकारले.

“बाई, मोठ्या बाईंनी बजावलंय ना, पाण्याचे प्रयोग बंद म्हणून?”

“काय बुडतं, काय तरंगतं, ते बंद. पाणी सांडतं म्हणे.”

“मग ही फडकी कशाला?”

“पुसायला.”

“आणि मी काय मेले?”

“मावशी, काल तुम्ही पुसत होतात तेव्हा पिटुकलीनं काय विचारलं?”

“पुसलेलं पाणी जातं कुठं, म्हणाली. मी म्हटलं, जातं मसणात, तू हो बाजूला!”

“उद्या तेच शोधायचंय. मुलंच पुसतील, पिळतील, वाळत घालतील. सुती फडकं किती पाणी पितं, नायलॉनचं किती.”

“म्हणजे आधी पाणी सांडायचं?”

“मुद्दाम. प्रत्येकी वाटीभर.”

“मोठ्या बाई थयथयाट करतील हो!”

“करू देत. मी हटणार नाही. दादा, वीस सुती, वीस नायलॉनची, हातरुमालाएवढी कापा. आणि एक चांगलं मोठं.”

“ते कुणाला?”

“मोठ्या बाईंना, पुसायला. त्यांचा हात मोठा आहे ना.”