उष्टा घोट

—नाही, तसं दारात उभं राहून माफी मागत नसतात, समर. बूट काढ आधी. ये. त्या खुर्चीवर नको, ती मांजराची आहे — म्हणजे मांजर शेजारणीचं, पण खुर्ची कुणाची ते त्यानंच ठरवलंय. इकडं सोफ्यावर टेक. माझी लेक मनीषा दवाखान्यात ड्युटीला गेलीय, तेव्हा चहा माझ्या हातचा. चालेल ना? विचारून घेतलेलं बरं. पाटलांचा नातू अन् किसनच्या हातचा चहा, तुझ्या पणजोबांनी बघितलं असतं तर चष्मा पुसून पुन्हा बघितलं असतं. हां, हसलास, बरं केलंस. मघाशी चेहरा असा होता, वाटलं कौन्सिलची नोटीसच घेऊन आला पोरगा. गावात तुझ्याएवढ्या पोराला बी आम्ही ‘जी धनी’ म्हणायचो, वहाणा हातात घेऊन. आता बघ, अरे-तुरे करतोय. लीड्समध्ये थंडी लई, पण हा एक फायदा आहे.

तर आजोबा अंथरुणाला खिळलेत. अन् फोनवर तुला काय म्हणाले, नेमकं सांग. ‘किसनरावांना विचार, मला माफ केलं का’ — किसनराव म्हणाले? खरं सांग. किसन्या म्हणाले असतील, तू सुधारून सांगतोयस. शिकलेलं पोर. असू दे. उत्तर देतो की, पळून कुठं जातोय मी, गुडघे असे. पण मी सावकाश माणूस आहे, शाळेत गेलो नाही, सरळ उत्तर द्यायची सवय नाही. आधी शेजारीण सांगतो, मग उत्तर. चहा घे तोवर.

ही भिंत दिसते ना, हिच्या पलीकडं ताई राहते. स्पेसिओझ नाव तिचं. रवांडाची. आफ्रिकेत आहे म्हणे, टेकड्यांचा देश, मनीषानं नकाशात दाखवला तर माझ्या करंगळीखाली झाकून गेला. त्या एवढ्याशा देशात चौऱ्याण्णव साली शेजाऱ्यांनी शेजारी मारले. एका जमातीची माणसं वेचून वेचून, कोयत्यांनी. लाखांनी. रेडिओवर नावं सांगून. ताईचा नवरा गेला, दोन्ही लेकरं गेली, ती मेलेल्यांच्या खाली पडून राहिली म्हणून उरली. आमचं काय त्यापुढं — नामांतराच्या दंगलीत घराचं छप्पर जळलं, माणसं सगळी बाहेर पडली. तिचं अन् माझं एका तागडीत घालू नकोस, मी बी घालत नाही. पण ती आपलं बोलते अन् मी आपलं बोलतो. तिचं इंग्रजी अर्धं, माझं पाव. भांडायला पुरतं.

भांडलो की. ऐक, गंमत आहे. पहिल्या उन्हाळ्यात तिनं मला मागच्या अंगणात बोलावलं, अननसाचा रस ओतला, अन् माझ्यासमोर, माझ्याच ग्लासातून स्वतः एक घोट घेतला, अन् मग मला दिला. उष्टा. मला. आता तुला गावातलं हॉटेल ठाऊक नसेल, तुझ्या जन्माआधीचं. आमच्या कपबश्या वेगळ्या, बाहेर वळचणीला खोचलेल्या. प्यायचं, आपली आपण धुवायची, परत खोचायची. त्यातून सुटायला बापानं दीक्षा घेतली, मी लेकीला नर्स केली, विमानात बसलो, समुद्र ओलांडला, अन् इथं येऊन काय, तर उष्टं. ग्लास तसाच ठेवला अन् उठून आलो घरी. मग मी तिच्याकडं बघायचो नाही, कपडे वाळत घालायचो तर पाठ करून. अन् ती? ती बी रुसलेली. मांजरसुद्धा पाठवायची नाही. शेवटी मनीषा गेली विचारायला अन् हसत हसतच परत आली. म्हणाली, आबा, त्यांच्यात यजमानानं आधी प्यायचं असतं. पाहुण्याला दाखवायचं, यात विष नाही. तुम्ही ग्लास ठेवून उठलात, त्यांना वाटलं तुम्ही त्यांना विष घालणारी समजलात. म्हणजे बघ, ती मान देत होती अन् मी अपमान घेत होतो. सवय, दुसरं काय.

मग गेलो, मागून प्यालो तो रस. आंबट होता, पण ते सांगितलं नाही.

आता ही ताई देवभोळी, पण चर्चच्या आत पाय टाकायची नाही. तिकडं माणसं जीव वाचवायला चर्चमध्ये शिरली होती, अन् तिथंच कापली. म्हणून रविवारी ही बाहेरच्या बाकावर बसायची अन् तिथूनच गाणी म्हणायची. पावसात बी. मी चिडवायचो, तुझं देवाशी पटतं, मग त्याच्या घरी का जात नाहीस, सासर आहे का? ती म्हणायची, तो तेव्हा घरी नव्हता, आता मी कशाला जाऊ. मी बौद्ध माणूस, मला देव नाही, पण छत्री आहे. तर मी छत्री धरून बसायचो. लोकांना वाटायचं म्हातारा-म्हातारीचं जमलंय. वाटू दे.

गेल्या हिवाळ्यात त्याच चर्चमधून एक बाई बाहेर आली, ताईला बघून जागच्या जागी थिजली. तिच्याच गावची. जो कोयता घेऊन ताईच्या दारात आलता, त्याची बहीण. तो तिकडं तुरुंगात. त्यांच्याकडं गावातच, गवतावर बसून कोर्ट भरायचं, तिथं त्यानं कबूल केलं, लेकरं कुठं पुरली ते. ते सांगायला अन् भावासाठी माफी मागायला ही बाई दुसऱ्या दिवशी तुझ्यासारखी दारात उभी. ताईनं भिंत वाजवली, मला बोलावलं. का? मी काय करणार होतो? बसलो. ताईनं रस ओतला. ग्लास त्या बाईपुढं ठेवला. अन् स्वतः प्याली नाही.

तुला कळलं ना? ती प्याली नाही. बाई ग्लासाकडं बघतेय, हात लावत नाही. लावणार कसा? मी मांजराकडं बघतोय. बाईनं जागा सांगितली — केळीच्या बागेत, विहिरीकडच्या कडेला. मग ताईनं तो ग्लास उचलला, एक घोट घेतला, अन् सरकवला तिच्याकडं. बाई रडत रडत प्याली, निम्मा अंगावर सांडला. नंतर मी विचारलं, ताई, केलं का माफ? म्हणाली, आज केलं. उद्या उठून परत करावं लागेल. त्या रविवारी ती चर्चच्या आत गेली, दाराजवळच्या बाकावर बसली. मी बाहेर, एकटा छत्रीत. मला म्हणते, आत ये की. मी म्हटलं, दोघांपैकी एकानं तरी बाहेर राहावं, देव पळून जायला लागला तर धरायला.

तिला निदान जागा कळली बघ. मला विचारायची बी गरज नव्हती, आई कुठं आहे ते मला —

काय? हो, म्हणालो मघाशी, सगळे बाहेर पडलो. पडलोच. आई नाही पडली. पाय मोडलेला तिचा, आडवी होती आत. तुझ्या आजोबांनी पेटवलं नाही, ते घरी जाऊन सांगू नकोस कुणाला की त्यांनी पेटवलं. ते बांधावर उभे होते. मी ओरडलो, धनी, आई आत आहे. त्यांनी ऐकलं. मी बघितलं ना, ऐकलं त्यांनी. अन् मान फिरवली. तेवढंच. तुला त्यांनी हे सांगितलं नसेल. नाही ना? मला बी सांगायचं नव्हतं. मनीषाला ठाऊक नाही, तिला बोलू नकोस.

अन् तू रडतोस कशाला, तू तर तेव्हा जन्मला बी नव्हतास. नाक पूस. चहाला हात लावला नाहीस अजून. नाही, तसं नाही, मला कळतंय, तू विटाळ पाळणाऱ्यातला नाहीस. उत्तर मिळाल्याशिवाय कसा पिऊ, असंच ना?

आण इकडं कप.

…साखर जास्त पडलीय. घे. उष्टा आहे माझा.

सावकाश. जीभ भाजायची काही भीती नाही, केव्हाचा निवलाय.

आजोबांना फोन करशील तेव्हा सांग, किसन्या म्हणाला, आज केलं. उद्याचं मला ठाऊक नाही. उद्या परत विचारा म्हणाव. रोज विचारायचं तर जगावं लागेल म्हणाव, उगी मरायची घाई करू नका.

निघ आता, अंधार लवकर पडतो इथं. बस चुकेल — अरे, कुठं चाललास तो कप घेऊन? सिंककडं? ठेव तो. तिथंच ठेव. या घरात पाहुण्यानं कप धुवायचा नसतो.